म्हातारी मादी

बॅरलमध्ये बॅटरीचा झोत टाकला, की पाणी वळवळायला लागतं. या अळ्या बघा, पाण्यालगत आडव्या पडल्यात. म्हणजे ॲनोफिलिस, हिवताप पसरवणारा डास. डेंगीवाल्या एडिसच्या अळ्या श्वासनळी वर करून डोकं खाली लटकतात. हिला ती नळीच नाही.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, म्हणून रांजण, बॅरल, हौद काठोकाठ. अंड्याचा डास व्हायलाही तेवढेच दिवस पुरतात. भिंतीवर लिहिलंय, 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा'. नळ इथं बाकीचे सगळे दिवस पाळतो.

(गोठा, दिवेलागण)

भिंतीवर शेपूट उचलून तिरपी बसलीय ती मादी. रक्त तीच पिते. खेड्यातली आपली ॲनोफिलिसची जात, क्युलिसिफॅसिस, माणसाआधी गुरांकडं वळते. आफ्रिकेतल्या गॅम्बिए जातीला मात्र माणूसच हवा असतो. हिवतापानं जगात वर्षाला सुमारे 6 लाख माणसं मरतात, बहुतेक आफ्रिकेत, त्यातही लहान मुलं जास्त.

आजाऱ्याचं रक्त पिऊन लगेच काही होत नाही. परजीवी आधी तिच्या पोटात वाढतो, मग लाळेत उतरतो. 25 अंशांच्या आसपास त्याला दहा-बारा दिवस लागतात; हवा 18 अंशांखाली गेली, तर फॅल्सिपॅरम या हिवतापाच्या घातक परजीवीची वाढ जवळपास थांबतेच. पण बहुतेक माद्या तेवढं जगतच नाहीत. म्हणून भ्यायचं ते म्हातारीला. मे महिन्यात, 42 अंशांच्या कोरड्या झळांत, ती म्हातारी होण्याआधीच मरते. श्रावण-भाद्रपदात हवा ओलावते, ऊन उतरतं आणि तिचे दिवस वाढतात.

परजीवी डासाच्या पोटात वाढतो, हे कोडं सुटलं तेही श्रावणातच. 20 ऑगस्ट 1897, सिकंदराबादची छावणी. मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. ब्रिटिश लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉसनं डास चिरला आणि जठराच्या भिंतीत त्याला परजीवी दिसला.

(पुन्हा बॅरल)

शहरातल्या टाक्यांत वाढणारी स्टीफेन्सी तर पावसाची वाटही बघत नाही. आपल्याकडची ही जात 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत सापडली आणि तिथून पुढं पसरली. साठवलेलं पाणी तिथंही होतंच.

ताईंनी बॅरल ओतायला नकार दिला. पाणी परवाच आलंय. मग आरोग्यसेवकानं डब्यातले गप्पी मासे सोडले.

(निवेदन थांबतं. फक्त पाण्याचा आवाज.)