'थम' कधी म्हणायचं

(दृश्य: शाळेचं मैदान, एनसीसीची, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची, सकाळची परेड)

परेड बघताना नजर ओळींवर जाते. तुम्ही ओळीबाहेर उभी असलेली ती मुलगी बघा. नववीत आहे, दंडावर तीन फिती, म्हणजे सार्जंट. समोर आठवीच्या मुली, त्यांतल्या काही तिच्याहून उंच.

'तेज चल', म्हणजे चालू लागा, हे कुणीही म्हणेल. कसोटी 'थम'ची, म्हणजे थांबा म्हणण्याची. हा हुकूम ठरलेल्या पावलावरच पडावा लागतो. जरा चुकला की कुणी थांबतं, कुणी पुढे जातं आणि मागचीचा बूट पुढचीच्या टाचेवर. मग बटालियनमधून आलेले उस्ताद, म्हणजे सैन्यातले प्रशिक्षक, ओळीला काही बोलत नाहीत, सार्जंटला विचारतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी दुसऱ्यांच्या पावलांचा जाब द्यायला लावणारी जागा शाळेत आणखी कुठे आहे? वर्गाच्या मॉनिटरला फार तर फळ्यावर नावं लिहायची असतात.

(दृश्य: जुनी छायाचित्रं)

कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ च्या कायद्याने एनसीसी उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींची शाखा आली. चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, एनसीसी कॉलेजात सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. बरंच झालं. जबरदस्तीने उभा केलेला कॅडेट घड्याळाकडेच बघत राहतो.

पालकांना वाटतं, पोरगं एनसीसीत गेलं म्हणजे सैन्यात गेलं. तसं नसतं. अधिकारी भरतीची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला जाण्याची वाट 'सी' प्रमाणपत्रावर उघडते, आणि ते कॉलेजात मिळतं. शाळेत मिळतं ते 'ए'. तेव्हा शाळेतल्या दोन वर्षांचं मोल नोकरीत शोधू नये.

(दृश्य: वार्षिक शिबिर, फायरिंग रेंज)

ते मोल शिबिरात दिसतं. पहाटेचं फॉल-इन, म्हणजे रांगेत हजर होणं, मेसची रांग, आपलं ताट आपण घासायचं, आणि शेजारच्या अंथरुणावर भलत्याच गावची मुलगी. पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा हातात येते. इथे नेम मधोमध लागला का, हे नंतर. आधी बघतात गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या. याला म्हणतात ग्रुपिंग. एखादी गोळी चुकून मधे बसली तर तिचं कुणी कौतुक करत नाही.

सगळीकडे असंच चालतं, असं नाही. काही शाळांत एनसीसी म्हणजे पाहुण्यांचं पायलटिंग, म्हणजे त्यांच्यापुढे चालत त्यांना आत नेणं, आणि सभागृहात खुर्च्या लावणं. तिथे गणवेश असतो, बाकी फारसं काही नसतं.

(दृश्य: स्टाफरूममधून मैदानाकडे निघालेले शिक्षक)

फरक पडतो तो बहुधा एका माणसामुळे. एनसीसीचे सर. नागपूरजवळच्या कामठीला, ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, हे शिक्षक स्वतः पुन्हा शिकाऊ होतात, दुसऱ्याच्या हुकमावर कदमताल करतात. परतले की दुपारी भूगोलाचा तास आणि सुट्टीच्या दिवशी परेड.