स्क्रिप्टने कुठे थांबायचं?

(ठाण्यात प्रोग्रामर मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधून ऑफिस उरकून आला आहात, तेव्हा थेट विषयाला हात घालतो. ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गाच्या तिकिटांचं एक ॲप आहे असं धरा. त्यात 'भाडे' नावाचं व्हेरिएबल. नाव मुद्दाम देवनागरीत घेतलंय. जावास्क्रिप्टला ते चालतं, तुमच्या टीम लीडला चालेलच असं नाही. आता ठरलं की त्याचं 'एकेरीभाडे' करायचं. एडिटरमध्ये शोधून सगळीकडे बदलून टाकलंत, तर 'भाडे भरा' या बटणावर 'एकेरीभाडे भरा' येईल. सर्व्हरच्या उत्तरातून 'भाडे' ही की (म्हणजे माहितीच्या त्या तुकड्याचं नाव) वाचणारा कोडही बदलेल. सर्व्हरला या बारशाचं आमंत्रणच नव्हतं, त्यामुळे ठाणे ते वाशीचं भाडं 'अनडिफाइन्ड' दिसेल.

जेएसकोडशिफ्ट हे फेसबुकने 2015 मध्ये खुलं केलेलं साधन इथे कामाला येतं. ते कोडकडे मजकूर म्हणून बघत नाही. पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, आधी त्याचं झाड बनवतो, म्हणजे एएसटी (ॲबस्ट्रॅक्ट सिंटॅक्स ट्री). त्या झाडात व्हेरिएबल, स्ट्रिंग आणि ऑब्जेक्टची की यांच्या जागा वेगळ्या. झाडात बदल करणारं एक फंक्शन तुम्ही लिहायचं, तीच आपली स्क्रिप्ट; कमांड लाइनवर त्याचं आणि फोल्डरचं नाव द्यायचं. फाइल्स अनेक प्रोसेसमध्ये वाटल्या जातात. झाडाचा पुन्हा कोड करायचं काम रीकास्ट या लायब्ररीचं. ते बदललेला भाग तेवढा नव्याने छापतं, बाकीच्या ओळींची मांडणी जशीच्या तशी ठेवतं. रिव्ह्यू करणाऱ्याला विचारा, याची किंमत काय ते. रिॲक्ट या यूआय लायब्ररीच्या 15.5 आवृत्तीने 2017 मध्ये प्रॉपटाइप्स (कंपोनंटला मिळणाऱ्या डेटाचा प्रकार तपासणारा भाग) वेगळ्या पॅकेजात हलवले, तेव्हा सोबत अशीच स्क्रिप्ट दिली होती.

पण झाड मिळालं म्हणजे समज मिळाली असं नाही. आतल्या एखाद्या फंक्शनचं स्वतःचं 'भाडे' पॅरामीटर असेल तर ते दुसरंच आहे, त्याला हात लावायचा नाही. सर्व्हरला पाठवायच्या ऑब्जेक्टमध्ये कंसात नुसतं 'भाडे' लिहिलं असेल, तर तिथे की 'भाडे' आणि किंमत 'एकेरीभाडे' असं फोडून लिहावं लागतं.

व्हेरिएबल जाहीर करायचा जुना शब्द 'व्हार' काढून नवा 'लेट' घालणं तर सगळ्यांना पोरखेळ वाटतो. तीन स्टेशनांचा लूप घ्या: ठाणे, ऐरोली, रबाळे. काउंटर 'व्हार'ने, शून्यापासून, आणि आत सेटटाइमआउटमध्ये, म्हणजे नंतर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तो छापलाय. उत्तर येतं 3, 3, 3, कारण तिन्ही फंक्शनांना एकच काउंटर दिसतो आणि ती चालेपर्यंत लूप संपलेला असतो. 'लेट' केलंत की दर फेरीला वेगळा काउंटर, म्हणून 0, 1, 2. बग सुटला म्हणून टाळ्या वाजवू नका! त्या चुकीच्या 3 ला धरून कुणीतरी पुढे दुसरीकडे ठिगळ लावलेलं असू शकतं. शिवाय रिफॅक्टरिंग म्हणजे वागणूक तीच ठेवून कोडची रचना सुधारणं; वागणूक बदलली की ते रिफॅक्टरिंग उरत नाही. म्हणून माझी स्क्रिप्ट आधी बघते की लूपमधलं एखादं फंक्शन तो काउंटर वापरतंय का. वापरत असेल तर फाइल आणि ओळ छापते, कोड तसाच ठेवते. तिथे माणसानेच बघावं. सगळं आपोआप करतो म्हणणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा मला ही भित्री बरी वाटते.

चालवताना पहिल्यांदा ड्राय रन. त्यात फाइल्स लिहिल्या जात नाहीत. शेवटी आकडे येतात: चुका, न बदललेल्या, वगळलेल्या आणि बदललेल्या फाइल्स. 'वगळलेल्या'कडे नीट बघा. फंक्शनने काहीच परत दिलं नाही तर फाइल तिथे मोजली जाते, आणि नुसतं 'रिटर्न' लिहायचं राहिलं तरी तोच आकडा फुगतो. टायपस्क्रिप्ट असेल तर पार्सरही सांगावा लागतो.

स्क्रिप्टचे बदल एका कमिटमध्ये (बदलांची एक नोंद) ठेवा, हाताने केलेले दुसऱ्या, आणि पहिल्याच्या संदेशात पूर्ण कमांड लिहा. रिव्ह्यू रखडला, तोवर मुख्य ब्रांच पुढे गेली, तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकांवर आदळलेले बदल, सोडवत बसू नका. पहिला कमिट सरळ फेकून द्या, ताज्या कोडवर तीच कमांड पुन्हा चालवा आणि हाताचा कमिट त्यावर चढवा.