वर्गापासून हेगपर्यंत

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विद्यापीठाच्या हिरवळीवर बसलेले विद्यार्थी, मधोमध माइक.)

२२ एप्रिल. जगभर हा दिवस वसुंधरा दिन म्हणून पाळतात. या तारखेमागे ना कुणाची जयंती आहे, ना एखादी आपत्ती. १९७० साली अमेरिकेतले सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांना विद्यापीठांमध्ये पर्यावरणावर चर्चा घडवून आणायच्या होत्या. वसंतातली सुट्टी संपलेली असावी आणि परीक्षा अजून लागलेल्या नसाव्यात, म्हणून हा दिवस ठरला. विद्यार्थी आवारातच नसतील तर बोलणार कोण? त्या दिवशी देशभरात सुमारे २ कोटी लोक सहभागी झाले.

विद्यापीठातच चर्चा भरवण्याची ही कल्पना आली होती आणखी ५ वर्षं मागून. मार्च १९६५, मिशिगन विद्यापीठ. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ तास बंद ठेवायचे, असा काही प्राध्यापकांचा बेत होता. त्यावर गदारोळ झाला. मग त्यांनी उलटाच मार्ग काढला: तास बुडवायचे नाहीत, उलट रात्रभर जास्तीचे घ्यायचे. हजारो विद्यार्थी पहाटेपर्यंत वाद घालत बसले.

(दृश्य: सभागृह. पडद्यावर चढत जाणारा, करवतीसारखे दाते असलेला आलेख.)

आज विद्यापीठाच्या सभागृहात हवामानबदलावर चर्चा असली की बहुधा पहिली स्लाइड ही असते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू, मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर १० लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. वक्ते थांबतात, सभागृह गंभीर होतं, सगळ्यांचं एकमत होतं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच चर्चा इथेच संपतात. कारण वायू किती वाढला हे आलेख सांगतो, पण त्याचा फटका कुणाला बसला, हे त्यात कुठेच दिसत नाही.

(दृश्य: शिकागोचे रस्ते, बंद खिडक्यांच्या इमारती.)

जुलै १९९५. शिकागोत उष्णतेची लाट आली. पारा ४१ अंशांवर गेला. नेहमीपेक्षा ७००हून जास्त माणसं दगावली. मृतदेह ठेवायला जागा पुरेना, शीतगृहाचे ट्रक आणून उभे करावे लागले.

हवामानशास्त्राच्या दृष्टीने या घटनेत कोडं नव्हतं. कोडं पडलं समाजशास्त्राला. एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या पाहिल्या. दोन्ही गरीब. दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. ऊन तर एकच. तरीही मृत्यूंच्या प्रमाणात मोठा फरक. एका वस्तीतले रस्ते ओस पडले होते. दुकानं गेलेली, घरं रिकामी. चोरीमारीच्या भीतीने माणसं दारं-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली. दुसऱ्या वस्तीत रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं उघडी होती. म्हातारी माणसं गारव्यासाठी बाहेर पडत होती, आणि एखादं दिसलं नाही तर कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

म्हणजे माणसं मेली उष्णतेने, पण उष्णता कुणाला गाठणार हे आधीच ठरून गेलं होतं. घरभाड्यात, विजेच्या बिलात, रस्त्यावरच्या दिव्यांत, शेजारात. हे उत्तर भौतिकशास्त्राच्या विभागात सापडलं नसतं. आणि तापमानाच्या नोंदीच नसत्या, तर समाजशास्त्राच्या विभागातही नसतं.

(दृश्य: दुपारचं ऊन. आवारात माळी पाणी घालतोय. फाटकावर सुरक्षारक्षक.)

एक गोष्ट मात्र डोळ्यांत सलते. उष्णतेवरच्या चर्चासत्रात वातानुकूलित सभागृहात बसतात ते प्राध्यापक आणि विद्यार्थी. ज्यांचा दिवस उन्हातच जातो ते याच आवारातले माळी, रक्षक, बांधकाम मजूर सभागृहाबाहेर असतात. त्यांच्या नावाची खुर्ची क्वचितच मांडलेली असते.

(दृश्य: फुटबॉलचं मैदान. मधोमध ठाण मांडून बसलेले विद्यार्थी.)

चर्चेला धार चढते ती विषय स्वतःच्या तिजोरीपर्यंत आला की. विद्यापीठाचा निधी कोळसा आणि तेलाच्या कंपन्यांत गुंतवायचा का? २०१३ मध्ये हार्वर्डच्या अध्यक्षांनी गुंतवणूक काढून घ्यायला नकार दिला. निधी हे राजकारणाचं हत्यार नव्हे, ही त्यांची भूमिका. नोव्हेंबर २०१९ मध्ये हार्वर्ड आणि येलच्या सामन्यात मध्यंतराला विद्यार्थी मैदानात उतरले, खेळ खोळंबला. २०२१ मध्ये हार्वर्डने भूमिका बदलली. गुंतवणूक काढल्याने किती धूर कमी झाला, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. पण त्या वादात निदान दोन बाजू होत्या आणि निर्णय कुणाला तरी घ्यावा लागणार होता.

(दृश्य: प्रशांत महासागर. किनाऱ्यावरची झाडं, वाकलेली. मग एक साधी वर्गखोली.)

आता दक्षिण प्रशांत महासागरात. वानुआतू देशाची राजधानी, पोर्ट व्हिला. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक हे १२ देशांनी मिळून चालवलेलं विद्यापीठ, आणि त्याचा कायद्याचा विभाग इथे आहे. २०१९ मध्ये इथल्या २७ विद्यार्थ्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासातून एक प्रश्न पुढे आणला: ज्यांनी वातावरण बिघडवलं त्या देशांवर कायद्याने काही जबाबदारी येते की नाही, हे जगातल्या सर्वोच्च न्यायालयालाच विचारलं तर?

बहुतेक ठिकाणी अशा कल्पनेला चांगले गुण मिळतात आणि वही मिटते. या मुलांनी संघटना काढली आणि प्रशांत महासागरातल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतूच्या सरकारने ती मागणी उचलली. मार्च २०२३ च्या सुरुवातीला ज्यूडी आणि केविन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ वानुआतूवर आदळली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हा प्रश्न न्यायालयाला विचारण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला, १३०हून जास्त देश सहप्रस्तावक. मतदानाची गरजच पडली नाही, ठराव एकमुखाने संमत झाला.

(दृश्य: हेग, पीस पॅलेस. पायऱ्यांवर प्रशांत बेटांवरचे तरुण.)

डिसेंबर २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सुनावणी झाली. सुमारे १०० देशांनी बाजू मांडली. २३ जुलै २०२५ रोजी १५ न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं. हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचं उल्लंघन ठरू शकतं आणि भरपाईचा प्रश्नही उभा राहू शकतो. एखाद्या देशाची जमीन समुद्राखाली गेली, म्हणून तो देश नाहीसा झाला असं आपोआप म्हणता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. बेटावरच्या माणसाच्या पासपोर्टचं काय होणार, हा प्रश्न या एका वाक्याशी बांधलेला आहे.

हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही. त्यात एक अवघड अटही आहे: भरपाई मागायची तर चूक आणि नुकसान यांच्यातला दुवा पुरेसा थेट आणि निश्चित असल्याचं दाखवावं लागेल.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर युरोपचा तापमानाचा नकाशा, गडद लाल.)

हा दुवा दाखवण्याचं काम दुसऱ्या एका इमारतीत चालू आहे. २००४ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या आणि ऑक्सफर्डमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आदल्या वर्षीच्या युरोपातल्या उन्हाळ्यासारखी लाट येण्याचा धोका माणसामुळे निदान दुपटीने वाढला असण्याची दाट शक्यता आहे. आता असे हिशेब लाट ओसरल्यावर काही दिवसांतच मांडले जातात. पण ते असतात शक्यतेच्या भाषेत, आणि न्यायालय मागतं निश्चिती. दुपटीने वाढलेला धोका हा पुरावा मानायचा का, मानला तर कुणाच्या वाट्याला किती दोष, हे कायद्याच्या वर्गाला एकट्याने ठरवता येणार नाही.