रिसेटचं बटण म्हणजे सही

मंडळी, गेल्या हिवाळ्यात सकाळी साडेसहाला मला एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. आदल्या दिवशी मुंबईहून निफाडला लग्नाला गेले होते. सकाळी गाडी काढली, दहा मिनिटं चालवली, तर बोर्डावर पिवळा दिवा. घोड्याच्या नालासारखं चित्र, मध्ये उद्गारचिन्ह. म्हणजे टायरमधली हवा कमी असल्याचा इशारा. ‘भाच्यानं बटण दाबून दिवा घालवला, आता निघू ना?’ मी म्हटलं, निघू नका, आणि भाच्याला फोन द्या.

भाचा हुशार होता, बटण त्यानं बरोबर शोधलं होतं. पण त्या बटणाचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये टायरमध्ये हवा मोजणारं काहीच नसतं. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, चारही चाकांवर वेग मोजणारे सेन्सर असतात, त्यांच्याकडूनच हेही काम करून घेतात. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, त्याची त्रिज्या घटते, आणि तेवढंच अंतर कापायला त्या चाकाला जास्त फेरे मारावे लागतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतंय, म्हणजे तिथं हवा कमी, असा हा तर्क. मग रिसेट म्हणजे काय? तुम्ही गाडीला सांगता, ‘आत्ता आहे तीच हवा बरोबर समज.’ ती बिचारी मान डोलावते. म्हणजे हिशेब न तपासता केलेली ही सही झाली.

मी भाच्याला हवेचा दाब मोजणारं गेज लावायला सांगितलं. तीन टायरमध्ये 26 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि मागच्या डाव्यात 22. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 लिहिलेलं. मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा निघाला. दिवा घालवून हे लोक त्या खिळ्यासकट कसारा घाट उतरणार होते.

पण बाकीचे तीन 26 वर कसे आले? आदल्या दुपारी पंपावर 33 भरून घेतली होती की! भरली होती, पण गाडी तासभर ट्रॅफिकमधून चालून आल्यावर. तापलेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआय चढलेला असतो, तो भ्रम वजा करा. शिवाय हवेचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. मुंबईची दुपार 32 अंश, निफाडची पहाट 8. करा हिशेब. आणि गंमत बघा, चारही टायर असे सारखेच उतरले असते, तर चाकांचे नुसते फेरे मोजणाऱ्या साध्या यंत्रणेला बहुधा पत्ताही लागला नसता. तिथं खिळ्यानंच उपकार केले म्हणायचे.

दुसरा प्रकार खऱ्या सेन्सरचा. प्रत्येक चाकात वॉल्व्हच्या मुळाशी छोटी डबी, आत बॅटरी, आणि रेडिओवरून थेट आकडा. यातल्या बऱ्याच गाड्यांत पडद्यावर चार वेगळे आकडे दिसतात. इथं दिव्याची भाषा ओळखा. सतत पेटलेला दिवा म्हणजे हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत यंत्रणाच बिघडलेली असते, बऱ्याचदा एखाद्या सेन्सरची बॅटरी संपलेली. ती पाच ते दहा वर्षं चालते, आणि सहसा बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच नवा घ्यावा लागतो. म्हणून पंक्चरवाल्यानं टायर उतरवायच्या आधीच त्याला सांगा, ‘भाऊ, वॉल्व्हपाशी सेन्सर आहे, तिथं पट्टी घालू नका.’ नंतर सांगून उपयोग नाही.

हा दिवा मुळात अमेरिकेत सक्तीचा झाला. फायरस्टोनच्या टायरांवर धावणाऱ्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांत काही वर्षांत दोनशेहून जास्त माणसं गेली, 2000 साली लाखो टायर परत मागवावे लागले, त्याच वर्षी कायदा झाला. पुढच्या नियमात ठरलं की हवा 25 टक्के उतरली की दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे 33 चे जवळजवळ 25 होईपर्यंत गाडी गप्प राहिली तरी तिची चूक नाही! आपल्याकडे 2020 मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर लहान गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. मला स्वतःला स्टेपनीशिवाय समृद्धीवर जायला आवडणार नाही, पण तो माझा जुनाटपणा समजा.

तर रीत अशी. आधी खिळा-बिळा बघून दुरुस्त करा. मग थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा. गाडी भरून जाणार असाल आणि स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असेल, तर तो घ्या. टायरच्या कडेवर कोरलेला मोठा आकडा घेऊ नका, ती टायरची कमाल मर्यादा आहे. स्टेपनीही तपासा, तिच्यात बहुधा सेन्सर नसतो. एवढं झाल्यावर गाडी उभी ठेवून, इग्निशन चालू करून बटण दाबून धरा, दिवा लुकलुकेपर्यंत. काही गाड्यांत हेच काम स्क्रीनवरच्या मेनूतून करतात. नंतर वीस-तीस मिनिटं नेहमीसारखी गाडी चालवा, नवे फेरे ती तेव्हा शिकते. टायर बदलले किंवा चाकांची अदलाबदल केली, तरी हे परत करायचं.

आता प्रश्न आला आहे की मी गेज आणलंय, तर खाली पार्किंगमध्ये दाखवता का. दाखवतो, पण आकड्यावर विसंबू नका. तुम्ही सगळे आत्ताच गाड्या चालवत आला आहात. तीन तास उभी राहिली तर टायर थंड. उद्या सकाळी, चहाआधी, घरीच बघा.