मार कुणी खायचा? : हॅमर ड्रिलच्या तोंडी साधा चक

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे हॅमर ड्रिलला बिनचावीचा चक लावून साधी बिटं कशी वापरायची. बिट म्हणजे भोक पाडणारी सळी, आणि चक म्हणजे ड्रिलच्या तोंडाशी तिला धरणारा जबडा. संयोजक म्हणाले, पंधरा मिनिटांत होईल, उरलेला वेळ प्रश्नांना देऊ. त्यासाठी मशीनच्या तोंडात अडॅप्टर, म्हणजे पुढे चक असलेला जोडतुकडा, ढकलायला दोन-तीन सेकंद लागतात हे खरंच आहे. पण तो ढकलल्यावर मशीनच्या पोटात काय बदलतं ते कुणी सांगत नाही, आणि माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. ड्रिल घेताना माणूस मोटरचे वॅट विचारतो. चक कुठला, हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. मोटर बिचारी नुसती फिरते; त्या फिरण्याचं काम करायचं की वाटोळं, हे बिट धरणारा ठरवतो.

आधी एक खुलासा, नाहीतर पुढे घोळ होईल. हॅमर ड्रिल म्हणून दोन वेगवेगळी मशीनं विकली जातात. एक इम्पॅक्ट ड्रिल : तोंडाशी तीन जबड्यांचा चक, त्यात कुठलंही गोल शँकचं, म्हणजे गोल शेपटाचं, बिट बसतं. दुसरं रोटरी हॅमर : तोंडाशी रबरी टोपी, तिच्यामागे ओढायची कॉलर, आणि आत फक्त खाचा पाडलेल्या शँकचं एसडीएस बिट जातं. आजचा अडॅप्टर दुसऱ्यासाठी. पहिलं मशीन असणाऱ्यांनी उठून जायचं नाही, त्यांच्या कामाचंही थोडं आहे.

बिनचावीचा चक म्हटलं की चावीबद्दल बोलावंच लागतं, आणि इथे माझा जरा वेळ जाणार आहे. ज्यांच्याकडे चावीचा चक आहे त्यांनी हात वर करा. छान. आता ती चावी या क्षणी कुठे आहे हे ज्यांना छातीठोक सांगता येईल, त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) बघा, दोन उरले, आणि त्यातले एक गृहस्थ खिसा चाचपतायत.

ही वस्तू कशी असते बघा. इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ, टोकाला बोटाच्या पेराएवढं शंकूसारखं दातेरी चाक आणि त्याच्याही पुढे बोथट खुंटी. खुंटी चकाच्या अंगावरच्या भोकात शिरते आणि दाते कड्याच्या दात्यांत अडकतात. सोपं आहे. पण प्रत्येक मापाच्या चकाची चावी निराळी. हरवली म्हणून नवी आणावी तर खुंटी भोकात जाते पण दाते जुळत नाहीत, किंवा दाते जुळतात आणि खुंटी बाहेरच. मग सुरू होतात उपाय. कुणी पकडीने कडं आवळतं, कुणी भोकात स्क्रूड्रायव्हर घालून वरून हातोडी मारतं. आठवड्याभरात कड्याचे दोन दाते उडतात, आणि त्यानंतर मूळ चावी माळ्यावर सापडते.

हरवू नये म्हणून चावी वायरीला बांधायची, हे आपल्याकडे पिढीजात ज्ञान. कंपन्यांनीही त्यासाठी रबरी पट्टी दिली. ती पट्टी दुसऱ्या उन्हाळ्यात तडकते, मग काळी टेप येते, टेपचा गोंद उन्हात पाझरतो, चावी चिकट होते आणि चिकट चावीला लोखंडाचा कीस लागतो. माझी चावीवरची खरी तक्रार मात्र वेगळी आहे : ती चकात विसरते. माणूस बिट आवळतो, शेजारी कुणी काहीतरी विचारतं, तो उत्तर देतो, आणि उत्तर देता देता बटण दाबतो. पुढे चावी कुठे जाते ते तिच्या मर्जीवर. म्हणून शिकाऊ मुलांच्या यंत्रशाळांतून स्प्रिंगची चावी वापरतात. हात काढला की ती स्वतःच भोकातून बाहेर उडी मारते. मुलं वैतागतात. वैतागू देत.

जाता जाता एक विचारतो. चकाला भोकं किती? तीन. आवळता किती? एक! तिन्ही भोकांतून थोडं थोडं आवळलं की पकड अधिक बसते. चावीच्या चकातून बिट सुटतं अशी तक्रार करणारे बहुतेक जण एकाच भोकाचे भक्त असतात.

तरी मी चावीचा शत्रू नाही. या चकाचं पेटंट अमेरिकेत 1902 साली आर्थर जेकब्ज यांना मिळालं. त्याआधीचे चक पान्याने आवळावे लागत, आणि पाना घसरून बोटांची सालटी निघाल्यावर त्यांना ही युक्ती सुचली, असं सांगतात. मला ही गोष्ट पटते. बरीच चांगली हत्यारं सोललेल्या बोटांतून आली आहेत. टेबलावरच्या जड ड्रिलला आजही चावीचा चक दिसतो, कारण चावीच्या दात्यांनी जेवढा जोर मिळतो तेवढा नुसत्या मनगटाने मिळत नाही.

बिनचावीच्या चकाची उणीव तीच : तो हाताच्या जोरावर धरतो. आत तीन जबडे तिरक्या वाटांतून सरकतात, बाहेरचं कडं फिरवलं की पुढे येऊन मिटतात. चांगल्या चकात शेवटी कट-कट असा आवाज येतो, तो खटका बसला की ठोक्या-हादऱ्याने कडं सहजी उलटं फिरत नाही. आवाज यायच्या आत हात काढू नका. बारीक बिट लावताना चक डोळ्यांसमोर धरून बघा, कारण दोन-तीन मिलिमीटरचं बिट तीन जबड्यांच्या मधोमध न बसता दोघांच्या फटीत जाऊन बसतं. घट्ट वाटतं, पण फिरवलं की टोक हवेत वर्तुळ काढतं.

आता एसडीएस. बॉश कंपनीने ही पद्धत 1975 च्या सुमारास आणली. एसडीएस प्लसची, म्हणजे छोट्या मशीनच्या मापाची, शँक 10 मिलिमीटर जाडीची. तिच्यावर चार खाचा : दोन शेवटपर्यंत उघड्या, दोन दोन्हीकडून बंद. उघड्या खाचांत मशीनच्या आतल्या पट्ट्या बसतात, त्या बिट फिरवतात. बंद खाचांत पोलादी गोळ्या बसतात, त्या बिट बाहेर पडू देत नाहीत. पण बंद खाच गोळीपेक्षा बरीच लांब असते, त्यामुळे बिट धरलेलं असूनही साधारण सेंटिमीटरभर मागेपुढे सरकतं. मला माहीत असलेले एक गृहस्थ नवंकोरं मशीन परत करायला गेले होते, ‘बिट ढिलं बसतंय’ म्हणून. दुकानदाराने दुसरं दिलं. तेही ढिलं! तिसऱ्यालाही तेच झाल्यावर ते माझ्याकडे आले, आणि मशीनला ढिलं असण्याचा पगार मिळतो हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

कारण हे ढिलेपण म्हणजेच सगळी करामत. रोटरी हॅमरच्या पोटात एक नळकांडं असतं. मोटर त्यात दट्ट्या मागेपुढे करते, दट्ट्यासमोर कोंडलेली हवा, हवेच्या पुढे सुटा स्ट्रायकर. हवा दाबली गेली की स्ट्रायकर पुढे झेपावतो आणि मधल्या एका ठोकळ्यातून बिटाच्या बुडावर आदळतो. छिन्नी हातात सैल धरून तिच्या डोक्यावर हातोडी मारता, तसंच. मार छिन्नी खाते, धरणारा हात नाही. दोन किलोच्या आसपासच्या मशीनचा ठोका दोन-तीन ज्यूलचा, आणि असे मिनिटाला चार-पाच हजार. धरणाऱ्याला त्याची झळ लागू नये म्हणून तर खाचा लांब ठेवल्या.

(मागून एकाने विचारलं : पण इम्पॅक्ट ड्रिललाही बिनचावीचा चक असतोच, आणि तो हॅमरवर चालतो. मग इथे काय बिघडतं?)

शाबास, याच प्रश्नाची वाट बघत होतो. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये सुटा स्ट्रायकर नसतोच. दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, दात्यावर दाता चढतो आणि घसरतो. त्याने अख्खा दांडा, चक आणि बिटासकट, किंचित मागेपुढे थरथरतो. ठोके संख्येने प्रचंड, काही मशीनवर मिनिटाला चाळीस हजारांच्या पुढचा आकडा लिहिलेला असतो, पण एकेक ठोका हलका, आणि त्यामागचा जोर तुमच्या खांद्याचा. चक बिटाबरोबर हलतो, त्याच्या बुडावर कुणी घण घालत नाही. म्हणून तो तिथे टिकतो, आणि म्हणूनच ते मशीन काँक्रीटसमोर रडतं.

रोटरी हॅमरमध्ये अडॅप्टर घातला आणि फिरणं की ठोकणं हे निवडायचा मशीनवरचा खटका हॅमरवरच ठेवला, की स्ट्रायकर बिटाला न मारता अडॅप्टरच्या बुडाला मारतो. म्हणजे आपण धरणाऱ्यालाच माराच्या तोंडी दिलं. हलक्या बिटाऐवजी त्याच्या कित्येक पट जड चक त्या ठोक्याने हलवायचा आहे. ठोक्याचा जीव तिथेच जातो. उरलासुरला जबड्यांतून पुढे जायचा, तर जबडे गोल शँकला नुसत्या घर्षणाने धरून असतात.

हे झाल्यावर काय दिसतं ते एकदा नीट बघण्यासारखं असतं. ओळखीतल्या एका हौशी गृहस्थांनी साधं काँक्रीटचं बिट अडॅप्टरमध्ये लावून भिंतीवर हॅमर चालवला, आणि भोक काही पडेना म्हणून आणखी रेटला. ते बिट मी हातात घेऊन पाहिलं. शँकवर गोलाकार ओरखडे, एकाखाली एक, जबडा जिथून जिथून घसरला तिथे. ओरखड्यांच्या काठाला धातूची बारीक बुरी वर आलेली, नखाला लागते एवढी. त्या बुरीमुळे बिट नंतर कुठल्याच चकात सरळ बसेना. चकाचं कडं हाताला खुळखुळत होतं आणि तीनपैकी एक जबडा बाकीच्यांपेक्षा मागे राहिला होता. टोकाचं कार्बाइड मात्र अगदी नवं. भिंतीला ते फारसं टेकलंच नव्हतं! ते मला म्हणाले, ‘बिट हलक्या प्रतीचं निघालं.’ सबंध प्रकरणात निर्दोष असं ते बिटच होतं.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं. हरकत नाही, आता जाहीर केलेला विषय सांगतो, जरा पळत पळत.

घेताना : मशीनवर नुसतं फिरण्याची खूण, म्हणजे हातोडीशिवाय फक्त बिटाचं चित्र, आहे का ते आधी बघा. ती सोय नसेल तर अडॅप्टर घेऊच नका. चक शक्यतो दोन कड्यांचा घ्या, मागचं धरून पुढचं फिरवता येईल असा. एका कड्याच्या चकाला मशीनचा दांडा अडवून धरावा लागतो, आणि रोटरी हॅमरमध्ये तो बहुधा हाताबरोबर फिरत राहतो. अडॅप्टर आणि चक सुटे घेत असाल तर आटे जुळवा, अर्धा इंच आणि इंचाला 20 आटे हे नेहमीचं माप. चक चढवल्यावर जबडे पूर्ण उघडून आत बघा : तळाशी स्क्रू लागतो, तो उलट्या आट्यांचा. तो न लावता मशीन उलटं फिरवलंत तर बिट बाहेर यायच्या ऐवजी चकच सुटून हातात येतो.

लावताना : अडॅप्टरच्या शेपटावरची सिमेंटची धूळ पुसा, बोटभर ग्रीस लावा, कॉलर मागे ओढून किंचित फिरवत आत सारा, मग ओढून खात्री करा. सरकणार, पण निघता कामा नये. ग्रीसचा हात जबड्यांना लावू नका. खटका मशीन पूर्ण थांबल्यावर ‘फक्त फिरणे’वर आणा, मध्येच अडला तर चक हाताने थोडा फिरवा, बसेल.

वापरताना वेगाचं भान हवं. पोलादात हायस्पीड स्टीलचं बिट मिनिटाला साधारण 30 मीटरने कापतं असं धरलं, तर 10 मिलिमीटरच्या बिटाला साडेनऊशे फेरे पुरतात, 3 मिलिमीटरच्याला तीन हजारांच्या वर लागतात. छोटं रोटरी हॅमर हजार-बाराशेच्या आसपास फिरतं. म्हणजे जाड बिट, लाकडाचं मोठं भोक, होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) इथे ते मजेत चालेल, बाजूची मूठ धरून, कारण बिट अडकलं तर मनगट पिळेल एवढा जोर त्यात असतो. बारीक भोकं लोखंडात पाडायची असतील तर साधं ड्रिल काढा. अडॅप्टर लांबी वाढवतो आणि मघाचं ढिलेपणही सोबत आणतो, त्यामुळे बारीक बिटाचं टोक भटकतं; पंच मारून खूण केल्याशिवाय टेकवू नका. काही मशीनचं पुढचं तोंडच निघतं आणि तिथे साधा चक बसतो, त्यात हा डुगडुग खूप कमी. पैसे असतील तर तेच घ्या.

टाइलला अडॅप्टर उत्तम. भाल्याच्या टोकाचं बिट, हॅमर बंद, सावकाश टाइल पार करा. मागे भिंत लागली की अडॅप्टर काढा, एसडीएस बिट घाला आणि मग हॅमर. ही अदलाबदल करायचा कंटाळा आला की टाइल तडकते.

शेवटचं. एसडीएस मॅक्सची मोठी मशीनं वेगळी, त्यांची शँक 18 मिलिमीटरची. मॅक्समध्ये प्लसचा अडॅप्टर, प्लसमध्ये चकाचा, चकात बिट, अशी आगगाडी जोडलेली मी पाहिली आहे. बऱ्याच मॅक्स मशीनना नुसतं फिरण्याची सोयच नसते, फिरलं की ठोकणारच. तेव्हा तिथे चकाचा अडॅप्टर नको, कितीही घट्ट बसला तरी.