चित्रकथांचं कपाट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'मोठ्या माणसांनी चित्रकथा आणि अद्भुतिका का वाचाव्यात'. अद्भुतिका म्हणजे फँटसी. त्या 'का'कडे येतोच. पण आधी एका कपाटाबद्दल बोलू द्या, ते फार दिवस मनात खदखदतंय.

मी एका वाचनालयाचा जुना सभासद. नाव घेत नाही. तिथे 'भीमायन' मागितलं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं चित्रांतून सांगितलेलं चरित्र. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "ते बालविभागात. मुलांच्या कार्डावर मिळेल." मी म्हटलं, "मुलगी आता बँकेत नोकरीला आहे, तिचं कार्ड चालेल का?" (हशा) ते हसले, पण पुस्तक दिलं नाही. म्हणाले, "चित्रांची सगळी पुस्तकं तिकडेच लावायची, असा नियम आहे." मग मी ते कपाटच जाऊन पाहिलं. वर 'चांदोबा'चे बांधीव अंक, मधे 'अमर चित्र कथा' आणि खालच्या फळीवर, सहा-सात वर्षांच्या पोराच्या हाताला सहज लागेल असं, 'माउस'!

तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचलंय. लेखक-चित्रकार आर्ट स्पीगलमनचे वडील ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचले. ते सांगत गेले, मुलगा काढत गेला. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं. 1992 साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात छळछावणी आहे, आईची आत्महत्या आहे. ते पुस्तक उंदरा-मांजराची गोष्ट समजून तिथे ठेवलेलं! मला राग आला आणि अजून गेलेला नाही. कारण चूक एका माणसाची नाही. चित्र दिसलं की मजकूर हलका, हे आपण सगळ्यांनीच धरून ठेवलंय.

आता 'भीमायन'. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड आदिवासी चित्रकार, पुस्तक 2011 सालचं. मसूर स्टेशनचा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. लहानगा भीम आणि बरोबरची मुलं वडिलांकडे गोरेगावला निघालेली, अंगावर चांगले कपडे, स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच त्याचा नूर बदलतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला प्रसंग आहे. तरी या पुस्तकात तो नव्याने अंगावर येतो. पानांवर नेहमीच्या चौकोनी चौकटी नाहीतच. गोंड भिंतचित्रांतल्या 'दिग्ना' या पारंपरिक नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. आणि बोलण्याचे फुगे पाहा. ज्याचं बोलणं मायेचं, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याचं बोलणं डंख मारतं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. अक्षरं वाचायच्या आधीच नांगी दिसते, आणि मग शब्द कितीही साधे असले तरी ते टोचतात. गद्य लेखकाला इथे 'तुसडेपणाने म्हणाला' असं लिहावं लागतं.

ओघात आलं म्हणून सांगतो, हे वाचन आपल्याला नवं नाही. 'चांदोबा'तलं शंकर यांचं विक्रम-वेताळाचं चित्र आठवा. हातात तलवार, खांद्यावर प्रेत. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ते डोळे मिटूनही दिसेल. (एक आवाज : मागचं झाडसुद्धा!) हो, झाडसुद्धा! पण त्या महिन्याची गोष्ट कोणती होती, ते सांगा बरं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. अद्भुतिकांचं भराभर सांगतो.

गेले काही महिने अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'च्या कादंबऱ्या वाचतोय. पहिली 1968 सालची. गेड हा बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा, तांबूस-सावळ्या वर्णाचा. पुढे अनेक मुखपृष्ठांवर त्याला गोरा करून टाकलं, आणि ले ग्विनबाई त्यावर शेवटपर्यंत भांडल्या. जादूच्या शाळेत एका वरचढ मुलाला दाखवून देण्याच्या ईर्ष्येने तो मेलेल्याला हाक मारतो, आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. अर्धं पुस्तक तो तिच्यापासून पळतो, उरलेलं अर्धं तिच्या मागे लागतो. हे पळणं आणि उलटं फिरणं ज्याने आयुष्यात केलंय, त्याला ही कादंबरी जास्त कळते. म्हणून ती मोठ्यांची.

आणि 'हे आपलं नाही' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी 1861 ची, तशीच 'मंजुघोषा' 1868 ची. मराठी कादंबरी अद्भुतातच रांगायला लागली. वास्तववादी कादंबरी लिहिणारे हरिभाऊ आपटे नंतर आले. ते थोरच, पण त्यांच्यानंतर आपण अद्भुताला पोरखेळ ठरवलं, आणि त्यात आपलंच नुकसान झालं.

वाचनालयांच्या कार्यकारिणीतलं कुणी इथे असेल, तर एक मागणी आहे. पुस्तकं विषयाप्रमाणे लावा. 'माउस' महायुद्धाच्या इतिहासात, 'अर्थसी' कादंबऱ्यांत, 'भीमायन' चरित्रांत. 'भीमायन'च्या मात्र दोन प्रती घ्या आणि दुसरी बालविभागातच राहू द्या.