जबडा दुखतो तेव्हा, गोळीच्या आधी

(इंदूरच्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

मंडळी, दोन्ही हातांची बोटं कानाच्या पाळीच्या खाली, गालावर ठेवा आणि दाढा आवळा. बोटांखाली जो गोळा फुगून वर आला, तो चावण्याचा मुख्य स्नायू. बोटं कानशिलावर न्या, पुन्हा आवळा. तिथला स्नायूही हलतो. आता कानाच्या अगदी पुढ्यात बोट ठेवून तोंड उघडा. खळगा पडतो ना? तो जबड्याचा सांधा. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे, दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे, डोकं चढतं म्हणून चष्मा बदलायला, असे हेलपाटे घालणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं या तीन जागांपैकी एकीत असतं.

डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जुनाट, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळच्या, जबडादुखीवर शिफारशी आल्या. ज्या उपायांची त्यांनी ठाम शिफारस केली त्यांत एकही गोळी नाही. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबून सोडवणं, मान-पाठीची ठेवण सुधारणारे व्यायाम आणि मानसोपचारातली विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धत. हे शेवटचं ऐकलं की लोक दुखावतात, 'म्हणजे आमचं दुखणं मनाचं?' नाही हो. दुखणं खरंच आहे. पण काळजी वाढली की दाढा आवळल्या जातात, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. जेवण आणि गिळणं सोडलं तर दातांनी एकमेकांना टेकायचं काही कारणच नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेली. जबडा असा ठेवायचा. पलासियाच्या सिग्नलला थांबलात, मोबाईल वाचताय, मुलाचा अभ्यास घेताय, तेव्हा स्वतःला पकडा. फ्रिजवर, मोबाईलवर, गाडीच्या आरशावर एकेक रंगीत टिकली लावा. दिसली की तपासा; दात टेकले असतील तर श्वास सोडत सुटे करा. दिवसभर, आठवडेच्या आठवडे हे करावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्या उपचारांत हेच सर्वांत मोलाचं.

व्यायाम आरशासमोर करा. जीभ टाळूवरून सुटणार नाही इतपतच तोंड सावकाश उघडायचं, जबडा एका बाजूला वळू द्यायचा नाही. आधी दहा मिनिटं ओला गरम शेक. दुखणं जोरात असेल ते दिवस मऊ खा: पोहे खुशाल, पण वरची कडक शेव नको, सराफ्याच्या खाऊबाजारात गेलात तर भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. नुसता कटकट आवाज येतो, दुखत नाही, तर घाबरू नका.

यंत्राने दात घासून, झिजवून वरखालच्या दातांची चाव 'जुळवून' देतो असं कुणी म्हणालं तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घासलेला दात परत येत नाही. रात्री दातांवर बसवायच्या साच्याकडेही पहिला उपाय म्हणून धावू नका. त्या शिफारशींचा कल त्याच्या विरुद्धच आहे.

आपल्या भागात आणखी एक पाहावं लागतं. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत. सुपारी, गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखटाने आग होते, गाल आतून पांढुरके आणि ताठ लागतात, तर तो सांध्याचा आजार नव्हे. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. अशा माणसाने व्यायामात वेळ न घालवता सुपारी आजच बंद करून तोंड तपासून घ्यावं.